अठ्ठ्याहत्तर मिनिटं

रेल्वेच्या मुख्य कचेरीत वेळापत्रक विभागात एके काळी बावीस माणसं बसायची. आता एकच बाई उरली होती आणि एकवीस रिकामी टेबलं. कचेरीतले लोक तिला ‘मिनिटबाई’ म्हणत. वेळापत्रकाचं पुस्तकही तिच्या विभागासारखंच रोडावलं होतं. पूर्वी ते उशाला घेऊन झोपता आलं असतं, आता खिशात मावत होतं. दर वर्षी एखादी लाइन बंद व्हायची आणि मिनिटबाई तिचं पान काढून टाकायची.

या वर्षी साहेबांनी फाट्याच्या लाइनीवर बोट ठेवलं.

“एवढं पान काढा आणि महिनाअखेर सही करून द्या. दोन तास दहा मिनिटं घेते हो ती गाडी! बसणार कोण तिच्यात?”

सही झाली की लाइन संपली. मिनिटबाईने पेन उघडलंही होतं. पण तिला एक खोड होती. काढून टाकायची वस्तू ती आधी पुरती बघून घ्यायची. तिने कपाटातली जुनी पुस्तकं काढली, शिंकून शिंकून बेजार झाली आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पानावर थबकली. हीच लाइन, हीच आठ स्टेशनं. वेळ बावन्न मिनिटं.

रूळ काही लांबत नाहीत. मग वरची अठ्ठ्याहत्तर मिनिटं आली कुठून? तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्या गाडीत जाऊन बसली.

गाडी आधी बरी पळत होती. मग रुळांखालच्या एका मोरीजवळ ‘सावकाश’चा पिवळा बोर्ड आला, आणि ती इतकी हळू झाली की शेजारच्या रस्त्यावरून एक सायकलवाला पुढे निघून गेला, तोही शीळ घालत. थोड्या वेळाने पुन्हा मोरी, पुन्हा बोर्ड. मिनिटबाईने मोजले. अकरा होते.

शेवटच्या स्टेशनावर तिने ड्रायव्हरला गाठलं.

“त्या मोऱ्यांपाशी गाडी का हो रांगते?”

“बोर्ड आहे म्हणून.”

“आणि बोर्ड कशासाठी आहे?”

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. “मी आलो तेव्हापासून आहे बघा. मुकादमांना विचारा, ते काय तिकडे बसलेत.”

रुळांची देखभाल करणारा मुकादम बाकावर चहा पीत होता. प्रश्न ऐकून त्याला एवढा आनंद झाला की त्याने कप खाली ठेवला.

“मोऱ्या केव्हाच पक्क्या झाल्यात, बाई. पहिलीचे दगड मी स्वतः बसवले, तेव्हा माझी मिशी काळी होती. पण बोर्ड काढायला इथल्या इंजिनियरची सही लागते, आणि ती जागाच वरून रद्द झाली. मी हात लावला तर नोकरी जायची. म्हणून दर वर्षी अर्ज करतो.”

“कोणाकडे?”

“वेळापत्रक विभागाकडे. नवा इंजिनियर येईपर्यंत तिकडेच पाठवा म्हणाले होते.”

मिनिटबाई परतीच्या गाडीने थेट कचेरीत गेली.

अर्ज सगळे सापडले. फाट्याच्या लाइनीचं टपाल खिडकीजवळच्या टेबलाच्या खणात ठेवायची जुनी रीत होती, आणि टेबल रिकामं झालं तरी शिपायाने ती इमानाने पाळली होती. पाकिटं फोडलेलीही नव्हती. खाली बदलाच्या चिठ्ठ्या होत्या. बोर्ड लागला, गाडी उशिरा येऊ लागली, की कारकुनाने वेळापत्रकातच मिनिटं वाढवायची. गाडी पुन्हा वेळेवर! वरचे खूश, खालचे खूश. कोणी सहा वाढवली होती, कोणी नऊ. पहिल्या चिठ्ठीवर तीन मिनिटं होती आणि अक्षर तिच्या बाबांचं होतं; तेही याच विभागात कारकून होते. शेवटच्या चिठ्ठीवर चार होती, आणि खाली तिची स्वतःची सही. नोकरीच्या पहिल्याच वर्षातली. तिला ती आठवतही नव्हती, आणि याचीच तिला जास्त लाज वाटली.

संध्याकाळी तिने बाबांना सरळ विचारलं, “तीन मिनिटं का वाढवलीत?”

कुठली तीन, असं बाबांनी विचारलं नाही. “महिनाभराचा प्रश्न होता गं. मोरी झाली की काढणार होतो. मग बढती मिळाली, टेबल बदललं.” त्यांनी चष्मा काढला. “चाळीस वर्षांत त्या लाइनीवर एक गाडी लेट नाही. सगळ्यांना सांगत आलोय मी.”

“मलाही सांगत आलात. आता सही करू का?”

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“पान ठेव, आणि वेळ बावन्न मिनिटं छाप,” ते म्हणाले.

“अहो, गाडी एकशेतीस घेणार!”

“घेऊ दे. बोर्ड असताना ड्रायव्हर काही पळवणार नाही. सात दिवस लागोपाठ लेट झाली की चौकशी लावावीच लागते. इंजिनियर पाठवून मोऱ्या तपासाव्या लागतात. आणि चौकशी संपेपर्यंत लाइन बंद करता येत नाही. या एका नियमाला भिऊन मी अख्खी नोकरी काढली.”

साहेबांनी पुस्तकावर न वाचता सही ठोकली. पान जागच्या जागी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर बाबांचा रोज दुपारी फोन यायचा. “आज किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“उद्याही होऊ दे.”

आठव्या दिवशी चौकशीचा कागद आला. त्यात एक रकाना होता: मिनिटं वाढवणाऱ्यांची नावं, क्रमाने. मिनिटबाई पेन हातात धरून बसली. शेवटी तिनेच फोन लावला.

“बाबा, पहिलं नाव...”

“माझं आहे. विचारतेस काय? तीन मिनिटं, आणि वर्षही लिही.” मग त्यांनी विचारलं, “शेवटचं कोणाचं?”

“माझं.”



“किती?”

“चार.”

“माझ्याहून एक जास्त,” बाबा म्हणाले. “मग चौकशीला एकटी जाऊ नकोस. मी येतो, जोडीने बसू.”