भाव केलेली वस्तू

काचेच्या कपाटात चार फळ्या होत्या. वरच्या फळीवर एकवीस गोमती चक्रं, शिंपल्याच्या बटणांसारखी, प्रत्येक वेगळ्या डबीत. दुसरीवर घोड्याच्या नऊ नाला. त्यातल्या सात इतक्या सारख्या, की घोडाही एकच असावा. तिसरीवर एका डोळ्याचे पाच नारळ. आणि सगळ्यात खाली, ओल्या फडक्यात, काळ्या हळदीचे तीन गड्डे. ऋतुजानं दोनदा मोजले. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

शेजारी केवळामावशी उभी होती, कंधारहून सकाळच्या बसनं आलेली. मावशी गल्लीतल्या लेकरांची दृष्ट काढायची, एक पैसा न घेता. काळी हळद सहाणेवर उगाळायची आणि कपाळाला टिळा लावायचा, एवढंच. पण उगाळून उगाळून तिचं हळकुंड शेंगदाण्याएवढं उरलं होतं. ते संपलं की अंगणात लेकरं यायची बंद होणार, या धास्तीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं. ऋतुजाचा दृष्टीवर विश्वास नव्हता, मावशीवर होता.

"कार्ड?" गल्ल्यावरच्या हरिओमनं विचारलं. पंचविशीतला पोरगा, कानात हेडफोन, कपाळभर गंध. नांदेडचं हे 'अलौकिक साधना केंद्र' त्याचं. लातुरात दुसरी शाखा निघाल्यापासून तो स्वतःला सर म्हणवून घेई.

"कसलं कार्ड, बाबा?" मावशीनं विचारलं.

"अधिकार कार्ड. आमचं शिबिर केल्यावर भेटतं. त्याबिगर काळी हळद देत न्हाई मी. उलटलं-बिलटलं तर नाव केंद्राचं खराब व्हतं."

"तू पाळण्यात होतास तवापासून करून राहिले मी हे!"

"तेच ना, मावशी. विनापरवाना."

मावशीचा चेहरा पडला. काहीतरी बोलायचं म्हणून ऋतुजानं वरच्या फळीकडं बोट दाखवलं. "हे गोमती चक्र केवढ्याला?"

"एकशे एक."

"पन्नासला द्या."

मावशीनं तिच्या दंडाला चिमटा काढला. मागं बाकड्यावर बसलेल्या नेहमीच्या गिऱ्हाईक, बिलोलीच्या शांतम्मा, तटकन उठल्या. "अय्यो! भाव केला की पोरीनं!"

त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली. 'साधना साहित्याचा भाव करू नये. भाव केलेली वस्तू निष्प्राण होते. हुकुमावरून.' पाटी हरिओमनंच रंगवून घेतलेली.

"मला तेच पायजे होतं," शांतम्मा म्हणाल्या. "आता नको. दुसरं दे."

हरिओमनं ती डबी बाजूला ठेवली. ऋतुजाच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही.

"आणि हे दुसरं? साठ?"

"गेलं! ते बी गेलं!" शांतम्मांनी कपाळावर हात मारला.

"ही नाल दीडशेला?"

"गेली!"

पडताळा म्हणून तिनं अगरबत्तीचा पुडा उचलला. "हा वीसला?"

शांतम्मांनी जरा विचार केला. "त्याला काय व्हत न्हाई. त्यावर किंमत छापलेली हाय."

एवढं ऐकलं आणि ऋतुजाला हसू दाबता दाबता उचकी लागली. उचकीगणिक ती एकेका वस्तूचा भाव करत सुटली. दारात माणसं जमली. "त्या नारळाला बी इचार, ताई!" कुणीतरी ओरडलं. मावशीनं पदर तोंडात कोंबला होता. हसून खांदे गदगदत होते.

"ओ मॅडम, तोंड आवरा!" हरिओमचा हेडफोन गळ्यात आला.

"पाटी तुमचीच आहे, सर."

हरिओमनं पाटी पुन्हा वाचली. ती खोटी म्हणावी, तर उद्यापासून सगळंच गिऱ्हाईक भाव करणार. खरी म्हणावी, तर कपाट रिकामं करायची वेळ.

ऋतुजाचं बोट चौथ्या फळीकडं वळलं. मावशीनं झडप घालून तिचं मनगट धरलं. "त्याला न्हाई गं, माय!"

हरिओमनं ते पाहिलं आणि स्वतःच फडकं उचललं. "घ्या. तिन्ही घ्या. कार्ड नको, पैसे नको. पन जा."

"फुकटचं लागू पडत न्हाई," मावशी म्हणाली. "किती?"

सवयीनं त्यानं आकडा सांगितला. तो ऐकून ऋतुजानं तोंड उघडलं. मावशीनं त्यावर तळहात दाबला आणि दुसऱ्या हातानं बटवा सोडून पुरे पैसे मोजले.

कंधारला गेल्यावर मावशीनं एक गड्डा सहाणेपाशी ठेवला. त्याच संध्याकाळी शेजारची तीन लेकरं टिळा लावून गेली. उरलेले दोन तिनं ऋतुजाच्या हातात दिले. "बेणं कर याचं. पुन्यांदा त्याच्या दारात जायला नको."

ऋतुजानं कोंबांचे डोळे बघून तुकडे कापले. आतून दोन्ही गड्डे निळसर होते, पण रंग मुरवताही येतो. तिनं ते तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावले, प्रत्येक डब्यावर गड्ड्याचा क्रमांक टाकला आणि पानं उलगडायची वाट पाहिली. काळ्या हळदीच्या पानाला मधोमध जांभळी रेघ असते, साध्या हळदीला नसते.

पहिल्या गड्ड्याचे तुकडे चार: उगवले चार, रेघ चारांवर. दुसऱ्या गड्ड्याचे तुकडे तीन: उगवले दोन, रेघ एकावरही नाही.