तेरा पाती

दादाचा मला राग येतो यात नवीन काही नाही. लहानपणापासून येतो. पण त्या शनिवारी दुपारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

आमचं दुकान जुन्या कॅमेऱ्यांचं. पुढे काउंटरवर दादा, मागच्या खोलीत दुरुस्तीच्या टेबलाशी मी आणि मधल्या मोठ्या खुर्चीत अण्णा, म्हणजे आमचे वडील. सोव्हिएत काळातल्या लेन्स हा अण्णांचा प्रांत. कुठली लेन्स कुठल्या कारखान्यातली, कुठल्या साली बनलेली, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शौकीन मंडळी दुकानात जमतात, आपापल्या लेन्स पुढे करतात आणि अण्णा एकेक हातात घेऊन साल सांगतात. अण्णांनी सांगितलं ते साल. मग कोणी दुसरीकडे विचारायला जात नाही.

त्या कारखान्यांनी एक सोय करून ठेवली आहे. लेन्सच्या तोंडाशी नावाची रिंग असते, तिच्यावर नंबर असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात. अठ्ठावन्नने सुरू झाला की लेन्स अठ्ठावन्नची. हे शेंबडं पोरही सांगेल. गोम अशी की ती रिंग नुसती आट्यांवर बसवलेली असते. रबरी बूच दाबून फिरवलं की निघते आणि तशाच दुसऱ्या लेन्सवर खुशाल बसते. म्हणून अण्णा लेन्स हातात आली की आधी अंगठ्याने नाव झाकायचे. "अंग बघ आधी. नाव काय, कोणीही लावतं," असं म्हणत म्हणत त्यांनी मला हे काम शिकवलं. नावाकडे आधी नजर गेली की हातावर चापट बसायची.

तेच अण्णा अलीकडे अंगठा ठेवेनासे झाले होते. लेन्स घेतली की म्हणायचे, "नंबर वाचा बघू." समोरचा हौसेने वाचायचा आणि अण्णा त्यावरून साल सांगून मोकळे. कधी चष्मा घरी राहिलेला असायचा, कधी उजेड तिरपा यायचा. खरं कारण एकच होतं. अण्णांना दिसत नव्हतं. चहाचा कप टेबलाच्या कडेला चाचपत ठेवायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की माझ्यावरच खेकसायचे, "मला काय धाड भरलीय?" खुर्ची सुटेल ही भीती. मला त्यांची कीव यायची आणि त्याहून जास्त चीड यायची.

तर शनिवारी एका बारक्या स्क्रूसाठी मी भंगाराचा ड्रॉवर उपसत होते. त्यात हेलिओस नावाची एक जुनी सोव्हिएत लेन्स पडलेली होती. सुरुवातीच्या काळातली, पण कोणाच्या तरी हातून आपटून काच फुटलेली. सुट्या भागांसाठी मी ती ठेवून दिली होती. बघते तर तिच्या तोंडावरची रिंग गायब. मी उठून पुढे गेले. काउंटरच्या काचेत दादाने एक हेलिओस मांडली होती, पुसून लखलखीत केलेली. नंबर अठ्ठावन्नने सुरू होणारा.

मी ती उचलली, अ‍ॅपर्चर मिटत आणलं आणि आत पाहिलं. त्या सुरुवातीच्या लेन्सना आत उजेडाचं भोक लहानमोठं करणारी तेरा पाती असतात, मिटत आली तरी भोक जवळपास गोल दिसतं. इथे सरळ सरळ कोपरे दिसत होते. मोजली तर आठ. रागात चुकले असेन म्हणून परत मोजली. आठच.

"दादा, ही रिंग कुठली?"

"लेन्सची. कुठली म्हणजे?"

"ड्रॉवरमधल्या फुटक्या लेन्सची आहे. ही पुढच्या काळातली लेन्स आहे, आठ पात्यांची."

"हळू बोल जरा." त्याने दाराकडे पाहिलं. "आपल्या रविवारच्या मंडळीतले दंतवैद्य उद्या येतायत. केव्हापासून अठ्ठावन्नची शोधतायत बिचारे. मिळाली की खूश होतील."

"अण्णांच्या हातात देणार तू ही?"

"देणार म्हणजे काय, दिल्याशिवाय दंतवैद्य घेतील का? अण्णा सांगतील काय ते. अण्णांपुढे तुझी आठ पाती कोण विचारतं?"

"त्यांना दिसत नाही, दादा."

तो काच पुसायला लागला. "काहीतरीच. मला तर कधी जाणवलं नाही." इतका साळसूद चेहरा, की तो फडका त्याच्याच तोंडात कोंबावासा वाटला.

संध्याकाळी घरी जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. रिंग, ड्रॉवर, आठ पाती, सगळं. ते घास चावत राहिले.

"दादा असं करणार नाही," ते म्हणाले.

"केलंय. उद्या तुम्ही अठ्ठावन्न म्हणालात की झालं. आयुष्यभर जपलेला शब्द त्याच्या घशात जाईल."

"मला शिकवू नकोस. माझं मी बघेन."

"कशाने बघणार? अण्णा, तुम्हाला दिसत नाही!"

त्यांनी ताट पुढे सरकवलं. वाटी कलंडली, ती कुठे कलंडली हेही त्यांना कळलं नाही. "मला दिसत नसतं तर सगळ्यात आधी दादाच्या लक्षात आलं असतं. दिवसभर समोर असतो तो. तू आत खोलीत बसतेस." आणि ते उठून भिंतीच्या कडेकडेने खोलीत गेले.

मला रडू येत होतं, पण संतापाचं. उद्या गप्प बसले तर माझ्या बापाच्या तोंडून खोटं वदवून घेतलं जाणार होतं. ओरडले तर चारचौघांत तो आंधळा ठरणार होता. दोन्हीकडून मरण त्यांचंच आणि मजा मारणार दादा.

रविवारी मंडळी जमली. दंतवैद्य नवा सदरा घालून आले होते, लग्नाला निघाल्यासारखे. दादाने दोन्ही हातांनी लेन्स अण्णांच्या तळहातावर ठेवली. काय तो आदर! मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. रबरी बूच मुठीत धरलेलं. अण्णा अठ्ठावन्न म्हणाले की पुढे व्हायचं आणि सगळ्यांदेखत रिंग काढायची, मग जे व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवून टाकलं होतं.

"नंबर वाचा बघू," अण्णा म्हणाले.

दंतवैद्यांनी एकेक आकडा सुटा करून वाचला.

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांचा अंगठा सावकाश वर सरकला आणि नावावर जाऊन बसला. किती दिवसांनी! दुसऱ्या हाताने त्यांनी लेन्स कानाशी नेली आणि अ‍ॅपर्चरची रिंग फिरवली. पुन्हा उलटी फिरवली. कोणीतरी खोकलं, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं. आयुष्यात शेकडो लेन्स त्यांनी उघडून, पुसून परत जुळवल्या होत्या. तेरा पाती एकमेकांवरून सरकताना बोटांना जी ओढ लागते ती आठ पाती असली की लागत नाही, आवाजही हलका येतो.

"ही अठ्ठावन्नची नाही," अण्णा म्हणाले. "रिंग अठ्ठावन्नची असेल. अंग नंतरचं आहे."

दादा हसला. "अण्णा, नीट बघा ना."

"बघितलं."

दंतवैद्यांनी खिशातून छोटा टॉर्च काढला आणि लेन्स त्यांच्या हातातून घेऊन आत पाहिलं. रोज लोकांच्या जबड्यात बघणारा माणूस, त्याला मोजायला कितीसा वेळ लागणार! "आठ," ते म्हणाले आणि मान वर करून दादाकडे बघत राहिले.

"माझ्याकडे अशीच आली होती," दादा म्हणाला. "आधीच्या मालकाने बदलली असेल."

"साफ खोटं!" मी म्हणाले. "रिंग आपल्या ड्रॉवरमधली आहे. ती लेन्स अजून तिथेच पडलीय. आणून दाखवू?"

मग दादाचा तोल गेला. मानेपर्यंत लाल झाला. "तुम्ही दोघं मिळून मला चोर ठरवताय? हे काय सांगणार लेन्सचं! दोन वर्षं झाली, ह्यांना काही दिसत नाही! काही म्हणजे काही नाही! मी सांभाळून घेतलं म्हणून त्या खुर्चीत बसलेत, नाहीतर केव्हाच घरी बसले असते!"

दंतवैद्यांच्या हातातला टॉर्च तसाच चालू होता. बूच दादाच्या कपाळावर नेम धरून मारावं म्हणून माझा हात वर गेला होता, पण अण्णांकडे पाहिलं आणि तो तसाच राहिला.

अण्णांनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. जरा चुकून, कपाटाकडे.

"तुला ठाऊक होतं?"

दादाने काउंटरवरचा फडका उचलला आणि परत ठेवला.

"मला वाटायचं, तुला ठाऊक नाही. म्हणून माझ्या हातात देतोस." ते थांबले. "दिसत नाही हे ठाऊक होतं, म्हणून देत होतास का रे?"

उभ्या जन्मात कधी खोटं बोलायला न अडखळलेल्या माझ्या भावाला तेव्हा एक खोटं सुचलं नाही.