नळाजवळची खुर्ची

बंद पडलेल्या त्या ब्यूटी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिना माणसांनी भरला होता आणि रांगेचं शेपूट खालच्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेलं होतं. आत, केस धुवायच्या बेसिनांसमोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर तीन माणसं गुडघ्यापर्यंत कपडे वर करून, प्लास्टिकच्या टबात पाय सोडून बसली होती. टबातलं स्वच्छ पाणी बघता बघता पिवळं झालं, मग तांबूस, मग गटारासारखं गढूळ. वर तवंग धरला. बघणारे टाचा उंचावून पुढे वाकले.

"बघा," निर्मळबुवा म्हणाले. आवाज मधात बुडवून काढलेला. "तुम्ही मला विचारता, बुवा, गुडघे का दुखतात? अहो, एवढा गाळ अंगात वागवून गुडघे दुखणार नाहीत तर काय नाचणार? हा पिवळा यकृताचा. हा तांबडा सांध्यांचा. आणि हा काळा कशाचा, ते ज्याचं त्यानं ओळखावं."

ज्यानं त्यानं ओळखलं आणि मान खाली घातली.

तिन्ही टबांना एका पांढऱ्या पेटीतून वायरी गेल्या होत्या. वायरींच्या टोकांना लोखंडी दांडे होते, ते पाण्यात बुडवलेले. पेटीवर सोनेरी अक्षरांत 'तपासलेले, प्रमाणित, सुरक्षित' असं छापलं होतं. "आत विज्ञान आहे आणि वैराग्यही आहे," बुवा पेटीवर हात ठेवून सांगायचे. "दोन्ही एकाच प्लगवर चालतात."

थोरली सून भिंतीला टेकून उभी होती. ती विजेच्या वस्तूंच्या चाचणीघरात कामाला होती. इस्त्री, किटली, हीटर बाजारात जाण्याआधी तिच्या टेबलावरून जायचे. तिथे सांधे असलेलं एक लोखंडी बोट होतं, माणसाच्या बोटाच्या मापाचं. ते ती वस्तूच्या प्रत्येक फटीत घालून बघायची. आतल्या जिवंत तारेला बोट टेकलं, की वस्तू परत. रोज सकाळी देवापुढे बसून जप झाल्याखेरीज ती कुणाशी बोलत नसे, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेत बोट घालायचं नाही हा तिचा नेम होता. म्हणून सासूबाई आणि धाकट्या जावेबरोबर ती निमूट आली होती.

धाकटीची पाळी आली. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळ राहिलं नव्हतं, म्हणून घरातली सगळी या पोटाकडे जीव मुठीत धरून बघत होती.

"तू या कडेच्या खुर्चीवर, नळाजवळ बस, पोरी," बुवा म्हणाले. "आणि नळ घट्ट धर. दोन जिवांचं ओझं आहे, वाहून जायला वाट हवी."

धाकटीनं पाय टबात सोडले आणि नळाला हात लावला. खट् झालं आणि दिवे गेले. पंखा गरगरत मंदावला. अंधारात कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"पाहिलंत?" अंधारातून बुवांचा आवाज आला. "इतकं विष, की दिव्यांनासुद्धा सोसवेना. दिवे टिकेपर्यंत हिला दर बैठकीला बसावं लागेल. नाहीतर पोटातल्या जिवाला..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. सासूबाईंनी ते घरापर्यंत मनातल्या मनात पूर्ण करत नेलं.

घरी स्वयंपाकघरात थोरलीनं विषय काढला. "आई, दिवे विषानं गेले नाहीत. दाराजवळच्या बोर्डावर ट्रिप स्विच आहे. गेलेली वीज पुरती परत आली नाही, कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागली, की तो पापणी लवायच्या आत सगळं बंद करतो. पाण्यात वीज उतरलीय आणि नळ जमिनीला जोडलेला आहे. मधे ही होती. त्या स्विचनं हिला वाचवलं."

"मग बाकीच्यांच्या वेळी का नाही गेले दिवे?"

"बाकीच्यांना त्यांनी हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं. नळ फक्त हिला धरायला लावला."

"तुला सगळ्यात बोट घालून बघायची खोड लागलीय," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "मला हे बाळ हातात घ्यायचंय गं. एवढंच."

"मला नुसत्या झिणझिण्या आल्या," धाकटी पुटपुटली.

धाकटीचा नवरा दाराशी उभा होता. दुकानांचे विजेवर चालणारे शटर दुरुस्त करणारा, हातानं हुशार, तोंडानं मुका. त्यानं एकच विचारलं, "वहिनी, तो स्विच नसता तर दिवे गेले नसते?"

"नसते गेले, भावोजी. ही गेली असती."

त्यानं मान हलवली. थोरलीला वाटलं, याला तरी पटलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी पार्लरमध्ये गेली. पेटीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. तीन पिनांच्या प्लगातली अर्थिंगची पिन पकडीनं तोडलेली होती.

"ताई, ती तिसरी पिन म्हणजे संशयाची पिन," बुवा हसून म्हणाले. "ती काढली की दोन उरतात, भक्त आणि भगवंत."

"मधे माणूस मरतो," थोरली हळूच म्हणाली.

तिथून ती थेट वीज तपासणीच्या कचेरीत गेली आणि तक्रार दिली. माणूस पाठवतो, पण जरा दिवस लागतील, असं तिथले साहेब म्हणाले. तेवढ्यात पुढची बैठक आली. धाकटीला नळाला हात लावू द्यायचा नाही, एवढं ठरवून थोरली बरोबर गेली. आणि काही झालंच, तर स्विच आहे, हा धीर होता.

पण खुर्चीजवळ पोचल्यावर सासूबाईंनी धाकटीला मागे सारलं.

"हिच्या जागी मी बसते, बुवा. हिचं काय असेल ते माझ्यावर घाला."

गर्दी हेलावली. बुवांनी क्षणभर विचार केला. "बसा आजी. सुनेच्या विषाचा भार किती, हे आता सगळ्यांना कळेल. नळ धरा."

"आई, हात मांडीवर ठेवा," थोरली पुढे सरसावत म्हणाली.

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. ते त्यांचे शेवटचे शब्द. त्यांनी नळ धरला.

दिवे गेले नाहीत.

आधी सगळे छताकडे बघत राहिले. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "म्हातारीनं पचवलं." "दिवे बघा, कसे लख्ख आहेत." सर्वांत जास्त नवल बुवांच्याच तोंडावर होतं, पण ते त्यांनी चटकन गिळलं. "आजींची समाधी लागली," ते म्हणाले. सासूबाईंची पाठ ताठ झाली होती, मान वर गेली होती, ओठ मागे ओढले गेले होते. दोघी-तिघींनी हात जोडले.

थोरलीला त्यांची बोटं दिसली. नळाभोवती आवळलेली, नखं पांढरी पडलेली. टबातलं पाणी थरथरत होतं.

माणसं ढकलत ती बोर्डापर्यंत पोचली. ट्रिप स्विचचा खटका वरच होता. त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत दोन जाड तांब्याच्या तारा टाकलेल्या होत्या. वीज त्याला वळसा घालून चालली होती. तिनं मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला, आणि अंधारात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टर येईपर्यंत ती सासूबाईंची छाती दाबत राहिली. मग डॉक्टरांनी दाबली. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी हात थांबवले आणि सासूबाईंचे डोळे मिटले.

हार्ट अटॅक आला असं लोक म्हणाले. बुवांनी त्याहून बरं काढलं. "आजींनी सुनेचं विष प्राशन केलं आणि मुक्त झाल्या." दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. भेटायला येणाऱ्या बायका धाकटीला वळसा घालून बसायच्या. तिनं पुढे केलेला पाण्याचा पेला एकीनं घेतला आणि खिडकीत ठेवून दिला.

"ताई," रिकामा ट्रे छातीशी धरून धाकटी म्हणाली, "खरंच माझ्यातलं काही आईंच्यात गेलं का?"

थोरलीनं तिला जवळ घेतलं. मग ती मागच्या पडवीत गेली. दीर तिथे धुतलेलाच कप पुन्हा धूत होता.

"भावोजी, त्या तारा कुणी टाकल्या?"

नळ वाहत राहिला. "मीच. पार्लरच्या रखवालदाराला म्हटलं, स्विच उगाच पडतो, दुरुस्त करतो. मला वाटलं, दिवे राहिले की हिचं नाव सुटेल. झिणझिण्या काय, दुकानात रोज खातो."

"मी सांगितलं होतं."

"अर्धं पटलं होतं, वहिनी. स्विचमुळे दिवे जातात एवढं पटलं." त्यानं कप पालथा घातला. "आता बुवा खरे असतील, तर आईला हिनं मारलं. तुम्ही खऱ्या असाल, तर मी."

"तुम्ही एकटे नाही. पेटी बनवणारा, खोटा शिक्का छापणारा, पिन तोडणारा, नळ धरायला लावणारा. या सगळ्यांच्या आणि आईंच्या मधे एकच राखणदार उभा होता, तो स्विच. तुम्ही त्याचे हात बांधलेत."

"हे ऐकून बरं वाटत नाही."

"बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही. तिकडे ती रिकामा ट्रे धरून बसलीय, म्हणून सांगितलं."

बुवांनी आजींच्या स्मरणार्थ बैठक ठेवली तेव्हा जिन्यावर पहिल्याहून दुप्पट गर्दी होती. त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले, एका पोलीस शिपायाला घेऊन. पेटीला सील लावण्याआधी थोडा वेळ द्या, अशी विनंती थोरलीनं केली. साहेबांनी बोर्डापाशी उभं राहून मान डोलावली.

तिनं टबात पाणी आणि मूठभर मीठ घातलं, बुवा नेहमी घालत तसं. दांडे सोडले, पेटी सुरू केली. पाय कुणाचेच नव्हते. पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, गढूळ झालं.

"हे कुणाचं यकृत?" तिनं विचारलं. कुणी बोललं नाही. "लोखंडाचा गंज आहे. दांडे झिजतात, पाणी रंगतं."

मग तिनं पिशवीतून दोन वायरींच्या होल्डरमध्ये बसवलेला एक छोटा बल्ब काढला. एका वायरीचं टोक पाण्यात सोडलं, दुसरं नळाला टेकवलं. बल्ब पेटला.

"आई या बल्बच्या जागी होत्या. चांगल्या यंत्रात मधे ट्रान्सफॉर्मर असतो, घरातली वीज पाण्यापर्यंत पोचतच नाही. या पेटीत तो नाही. आहे तो फक्त छापलेला शिक्का."

"पण मग दिवे का गेले नाहीत?" बुवा म्हणाले. "या सुनेच्या वेळी गेले, आजींच्या वेळी नाही. सांगा की."

 थोरलीनं गर्दीत दिराकडे बघितलं.

दीर पुढे आला. साहेबांनी मेन बंद केला. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, तांब्याच्या तारा सोडवल्या आणि सगळ्यांना दिसतील अशा वर धरल्या. "या मी टाकल्या होत्या," तो म्हणाला. "बायकोचं नाव सुटावं म्हणून. आई यामुळे गेली."  त्यानं तारा साहेबांच्या हातात दिल्या.

मेन पुन्हा चढला. थोरलीनं बल्बची वायर नळाला टेकवली. खट् झालं आणि दिवे गेले.

"सांगा," ती अंधारात म्हणाली, "या बल्बनं कुठलं पाप केलंय?"

दिवे आले तेव्हा बुवा जिन्याच्या दिशेनं निघाले होते. तिथे शिपाई उभा होता. दीर आपण होऊन त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. धाकटी गर्दीतून त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं त्याची बाही धरली. या वेळी कुणी तिला वळसा घातला नाही.

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं चाचरत विचारलं, "पण आजींच्या तोंडावर तेज होतं ना गं? मी बघितलं. मी हात जोडले."

"मावशी, त्यांना हात सोडता येत नव्हता. ओरडताही येत नव्हतं. आणि आपण टाळ्या वाजवत होतो."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"मी रोज देवापुढे बसते," थोरली म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण ऐकू जात होता. "उद्याही बसेन. माझ्या देवाला प्रश्न विचारलेले चालतात. ज्याला चालत नाहीत, त्याच्यापुढे पाय टबात सोडू नका. कुठलीही पेटी घरात आणाल, तेव्हा विचारा, कुणी बनवली, कुणी तपासली, तिसरी पिन कुठाय. आणि आज घरी गेलात की एक करा. बोर्डावरच्या ट्रिप स्विचला एक लहानसं बटण असतं, ते दाबा. खट् होऊन दिवे गेले, तर घाबरू नका. राखणदार जागा आहे. दिवे गेले नाहीत, तर मात्र घाबरा."