तोंडात बर्फी, मशीनला पासवर्ड

मला अक्षरं आली ती केस पांढरे झाल्यावर. वस्तीतल्या बायांच्या वर्गात दामिनी मॅडम सांगायच्या, "आधी तोंडानं बोला, मग हातानं लिहा." आम्ही एवढ्या जोरात 'क' म्हणायचो की दारातलं कुत्रं उठून जायचं. ती सवय राहिली ती राहिलीच. तोंड हललं नाही तर माझा हात हलत नाही.

पण लिहिता यायला लागलं आणि मी सुटलेच. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शेजारणी, पाहुणे, भाजीवाला, सगळे उतरले. सगळ्यांत जास्त आमचे महादेवराव. यांना ती पानं सापडली की हे आमच्या जरीपटका वस्तीतल्या पानठेल्यावर नेऊन मोठ्यानं वाचतात. स्वतःच्या घोरण्यावरचं पान तर लोकांनी पुन्हा वाचायला लावलं. मला तोंड लपवून घरी यावं लागलं. तेव्हापासून एकच पाहिजे होतं: मी लिहीन आणि यांना उघडता येणार नाही, अशी जागा.

भाचा रोशननं त्याचा जुना लॅपटॉप दिला. म्हणाला, "मावशी, रविवारी तिकडे सदर भागात लिनक्सवाल्यांचा मेळावा आहे. तिथं फुकटात नवीन सिस्टिम टाकून देतात. मग हा धावते."

मी पोरांसाठी संत्रा बर्फीचा डबा घेतला. फुकट म्हटल्यावर हेही निघाले.

हॉलभर पोरंपोरी, वायरी, आणि ज्याच्या-त्याच्या छातीवर त्या लिनक्सचा पेंग्विन. ज्याचं मशीन सुरू होईल त्यानं टेबलावरची सायकलची घंटी वाजवायची आणि सगळ्यांनी ओरडायचं. सकाळपासून नुसती घंटी आणि आरडाओरडा! मला तर जत्रेत आल्यासारखं झालं.

नूपुर नावाच्या पोरीनं माझा लॅपटॉप घेतला. "आजी, आमच्या इथं सगळं खुलं असतं. कोणीही सिस्टिमच्या आतलं पाहू शकतो."

"पोरी, मले तं बंद पाहिजे वं!"

ती हसत सुटली. "तुमचं लिहिलेलं बंदच राहील. फक्त पासवर्ड टाका, कोणाला सांगू नका." आणि तिनं शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

इंग्रजी अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेली. एकेक कळ शोधत दाबू लागले. "के… यू… एच… आय…"

"कुही!" मागची अख्खी रांग ओरडली.

"तिचं माहेर हाये," महादेवरावांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

मशीनही म्हणालं, पासवर्ड कमजोर आहे. पुसला. दुसरा घेतला. "सी… एच… ए… एन… डी… आय…"

"चांदी!"

"आमची म्हैस व्हती. लय दूध द्यायची."

स्टेजवर ऋषी नावाचा दाढीवाला बोलत होता. तो माईकवरूनच म्हणाला, "मावशी, जरा दम धरा. मी माहिती गुप्त कशी ठेवायची तेच सांगून राहिलो."

हॉल खो-खो हसला. मीही हसले आणि तोही पासवर्ड पुसला. सोमवारी पानठेल्यावर पुन्हा माझंच वाचन!

"मनात बोला ना, आजी," नूपुर म्हणाली.

"मनात मले अक्षरं दिसतच नाही वं."

तेवढ्यात डब्याकडे नजर गेली. मी दोन बर्फ्या एकदम तोंडात कोंबल्या आणि कळा दाबू लागले. "उंम… उं… ऊंम…" महादेवराव माझ्या गालाशी कान लावून बसले.

"हा एम व्हता!"

"नाही काका, बी!"

"काका, पैज लावता का?"

पडद्यावर अक्षरांच्या जागी ठिपके पडत गेले, रांगोळीच्या आधी काढतात तसे. मशीननं तोच पासवर्ड पुन्हा मागितला. पुन्हा दोन बर्फ्या. मशीन म्हणालं, मजबूत आहे. नूपुरनं माझी टाळी घेतली.

सिस्टिम बसेपर्यंत आम्ही हॉलभर फिरून आलो. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा उघडला आणि परत पासवर्ड मागू लागला. मी डब्याकडे हात नेला. डबा रिकामा. शेजारी महादेवराव, दोन्ही गाल फुगलेले, डोळे मिचकावत होते.

"हे काहून केलं तुमी?"

त्यांनी नुसतं बोट पडद्याकडे दाखवलं. आता बोल, म्हणे.

अख्खा हॉल कान देऊन उभा. मी ओठ घट्ट मिटले. पहिलं अक्षर कुठं दिसेना. मग तोंडातल्या संत्र्याच्या उरल्यासुरल्या चवीबरोबर ते हळूच आत उमटलं. आवाज नव्हता, नुसतं अक्षर. बोट गेलं. मागून दुसरं आलं, तिसरं आलं. आतल्या आत सगळी ओळीनं उभी! ओठ हललेसुद्धा नाहीत.

पडदा उजळला.

मी घंटी अशी वाजवली की तिची वाटीच निखळून पडली. पोरं नाचली, ऋषीनं भाषण सोडून टाळ्या वाजवल्या.

महादेवराव धावत आले. "फाय फाफवर्ड फेवफा वं?" गाल अजून भरलेलेच. कोणालाही एक अक्षर कळलं नाही.

मी नवीन पान उघडलं. तोंड मिटून, एकेक कळ शोधत, यांच्यावर पहिलं वाक्य लिहिलं. ते मनातच वाचलं, पोटभर हसले, आणि यांनी मान पुढे काढायच्या आत लॅपटॉप मिटून टाकला.