दसऱ्याला गाडी मागे आली

आमच्या सोसायटीत दसऱ्याला गाड्यांची पूजा पार्किंगच्या रॅम्पवर होते. ठाण्याच्या कोलशेतमध्ये दुसरीकडे कुठे असं होत नसेल, पण आमचं गणपतीचं छोटं देऊळ बरोब्बर रॅम्पच्या वरच्या टोकाला आहे. त्यामुळे सगळ्या गाड्या खालून नाक वर करून रांगेत उभ्या राहतात, गुरुजी एकेकीला हळदकुंकू लावतात, चाकांपुढे लिंबं ठेवतात, आणि मग ती गाडी लिंबं फोडत चढ चढून देवापर्यंत जाते. नियम एकच. पूजा झाली की गाडी पुढेच जायला हवी, मागे येता कामा नये.

ह्या वर्षी पहिला मान आमचा होता, कारण सगळ्यात नवी गाडी आमची.

आणि गाडी कसली! लाल, छोटी, टर्बो इंजिन, मागे दोन सायलेन्सर आणि चक्क गिअर! खराखुरा, हाताने टाकायचा. खाली क्लच धरून तीन पेडल आणि मध्ये ओढायचा हॅन्डब्रेक. कंपनीने सांगून टाकलेलं की ही शेवटची खेप, पुढच्या वर्षीपासून हीच गाडी फक्त ऑटोमॅटिकमध्ये मिळेल. हे सगळं मला माहीत असणं भागच होतं, कारण माझं चॅनेल आहे, ‘ऋजुताचं तिसरं पेडल’. दहावीत आहे मी. लायसन्स मिळायला अजून पुष्कळ वेळ आहे. पण गेल्या वर्षीपर्यंत जी मुलगी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायची, तिचं बोलणं आता अनोळखी दादालोक ऐकतात आणि खाली ‘एकदम बरोबर’ लिहितात. मला ते जाम आवडतं. माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे, ‘वेगवान गाडीतून गिअर काढणं म्हणजे मिसळीतून तर्री काढून वाढणं.’

आईला खरं तर ऑटोमॅटिकच हवी होती. तिचं ऑफिस वागळे इस्टेटला.

“रोज कापूरबावडीच्या सिग्नलला क्लच दाबत बसू का मी?” ती म्हणालेली.

“आई, ही शेवटची संधी आहे! दहा वर्षांनी सगळ्या गाड्या सारख्या होतील, बसायचं आणि बटण दाबायचं. लिफ्टमध्ये पण तेच करतो ना आपण? आणि तुला येते की! डोंबिवलीत आजोबांच्या गाडीवर तू शिकलेलीस.”

“त्याला किती वर्षं झाली, अगं.”

“सायकल विसरतं का कोणी?”

शेवटी आई म्हणाली, “तू एवढं म्हणतेस तर घेऊ.” बाबांना गाडी येत नाही. ते पेपरमागून म्हणाले, “घरच्या तज्ज्ञांनी निर्णय दिलाय. आपण काय, पेढे आणू.”

मग रोज सकाळी सराव. आई चालवायची आणि मी शेजारी बसून कोचिंग द्यायचे. मी स्वतः स्टिअरिंगमागे कधी बसलेली नाही, पण व्हिडिओ इतके बघितलेत की तोंडपाठ. “आई, इंजिनचा आवाज ऐक, आता तिसरा टाक! टाक ना!” “टाकते गं बाई, आधी त्या रिक्षावाल्याला जाऊ दे.” महिन्याभरात ती बऱ्यापैकी तयार झाली. रॅम्प तर मस्तच चढायची. त्याचं कारण गाडीत एक सोय आहे, हिल असिस्ट. चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी दोन-तीन क्षण स्वतःच स्वतःला धरून ठेवते. तेवढ्यात क्लच सोडून निघायचं.

आता ह्या हिल असिस्टबद्दल मी एका रीलमध्ये म्हणालेले की ते लावून चढणं म्हणजे ट्यूब लावून पोहणं. त्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘मग तुझ्या आईला बिनट्यूबचं पोहायला सांग की, ताई.’

दसऱ्याच्या सकाळी मी हार बांधायला सगळ्यांच्या आधी खाली गेले. बॉनेटला झेंडूचं तोरण लावलं, आरशांना आपट्याची पानं अडकवली, मग आत बसून स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये गेले आणि हिल असिस्ट बंद केलं. एक छोटा पिवळा दिवा लागला. आईला सांगितलं नाही. म्हणजे विसरले वगैरे नाही, ठरवून सांगितलं नाही. ती वर पोचली की मी कॅमेऱ्यासमोर तिला सांगणार होते, “आई, हे सगळं तू स्वतः केलंस!” आणि तिचा चेहरा टिपणार होते. हा माझा प्लॅन.

आमच्या मागे जगनकाकांची पांढरी इलेक्ट्रिक. जगनकाका समोरच्या विंगमधले.

“काय उत्तरावहिनी, ह्या जमान्यात गिअर?”

“आमच्या मॅडमची कृपा,” आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. नवीन साडी नेसलेली, आणि खूश होती, दिसतच होतं.

“अहो, गिअर माझ्या गाडीत पण आहे. बटण दाबलं की स्पीकरमधून घुर्र् येतं. सीटला खोटा धक्कापण देते.”

“काका, तो गिअर नाही, तो ऑर्केस्ट्रा आहे,” मी म्हणाले.

सगळा रॅम्प हसला. मी फोन काढला, गाडीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

गुरुजींनी लिंबं ठेवली. आई बसली. इंजिन सुरू झालं तेव्हा दोन पोरांनी टाळ्या पण वाजवल्या. आईने रोजच्यासारखा ब्रेकवरून पाय काढला, आणि गाडी मागे यायला लागली.

पुढे जे झालं ते इतकं हळू झालं की मला सगळं दिसलं. आईचं तोंड उघडं राहिलेलं. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. लिंबं अख्खीच्या अख्खी घरंगळत खाली निघाली. मग ‘ठक्’. आमच्या गाडीचं बूड जगनकाकांच्या बंपरवर, आणि मध्ये त्यांचा झेंडूचा हार भुगा.

“अगोबाई, मागे आली!” कल्पिताकाकू, म्हणजे जगनकाकांची बायको, ओरडली. “पूजेची गाडी मागे!”

“म्हणून म्हणतो, लेडीजना ऑटोमॅटिक घेऊन द्यावी,” मागून कोणीतरी.

सगळे आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे, गाड्यांचं मला कळतं ना! आणि मी, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय गं आई, क्लच किती पटकन सोडलास!”

लोक हसले. त्या हसण्यात मी त्यांच्या बाजूला उभी होते.

आई खाली उतरली. ती आपल्या डाव्या पायाकडे बघत होती, जसं काही तो पाय दुसऱ्या कोणाचा आहे. “सॉरी हां, जगनभाऊजी,” म्हणाली. “काय झालं कळलंच नाही. रोज तर येते वर.”

“होतं हो, वहिनी. थोडं खरचटलंय फक्त. किल्ली द्या, मी काढतो वर.”

आईने किल्ली पुढे केली. मग बाबांना हळूच, पण मी जवळच होते, म्हणाली, “बदलून टाकू या ही. मला नाही जमत. उगाच हौस केली.”

एक लिंबू माझ्या चपलेला येऊन लागलेलं. मी त्याच्याकडेच बघत होते. जगनकाकांचा हात किल्लीला लागला, आणि तिथपर्यंतसुद्धा मी गप्प होते, हे लिहिताना माझे कान गरम होतायत.

“आई, मी बंद केलेलं,” मी म्हणाले.

“काय?”

“हिल असिस्ट. सकाळी. व्हिडिओसाठी.”

आईने किल्ली काकांच्या हातातून परत घेतली. “म्हणजे गाडी धरणार नाही हे तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तरी तू म्हणालीस की मी क्लच पटकन सोडला.”

मी वाकून चपलेपाशीचं लिंबू उचललं. वक्तृत्वात ह्या वर्षी मला पहिलं बक्षीस आहे. “लबाड कुठली,” कल्पिताकाकू पुटपुटली. आत्तापर्यंत आईवर हसणारे सगळे आता माझ्याकडे बघत होते, पण कोणीच हसत नव्हतं.

“थांब, मी ऑन करून देते,” मी दाराकडे गेले.

“हात लावू नकोस.” आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “गुरुजी, लिंबं ठेवा परत.”

“अहो, पण मागे आली ती, आता...”

“ठेवा.”

ती आत बसली. ह्या वेळी हॅन्डब्रेक ओढला, खर्रकन आवाज आला. पहिल्यांदा इंजिन परत बंद पडलं. दुसऱ्यांदा तिने एवढी रेस दिली की रॅम्पभर क्लच जळल्याचा वास सुटला, गाडीचं बूड जरा खाली दबलं, मग हॅन्डब्रेक सुटला आणि चारही लिंबं फट् फट् फुटली. गाडी वर गेली. देवळापाशी थांबली, हॉर्न एकदा वाजला, आणि गेटमधून सरळ बाहेर.

“नारळ?” बाबा हातातल्या नारळाकडे बघत म्हणाले.

मी खालची लिंबाची सालं गोळा करत बसले. कोणी सांगितलं नव्हतं, पण तिथे ताठ उभं राहणं जमतच नव्हतं. जगनकाका शेजारून जाताना म्हणाले, “ऋजुता, फोन चालू आहे बघ तुझा.”

आई संध्याकाळी चहाच्या वेळेला आली. डोंबिवलीला जाऊन आलेली, आजोबा राहायचे त्या गल्लीपर्यंत. मला वाटलं, आता बोलेल, रागवेल. तिने फक्त विचारलं, “व्हिडिओ आहे का?”

“डिलीट करते, आई. आत्ताच्या आत्ता.”

“कशाला? मी मागे आले ते ठेव नाहीतर काढ, मला फरक पडत नाही. तुझं ते क्लचचं वाक्य आहे ना त्यात?”

“आहे.”

“टाकलास तर ते मात्र कापायचं नाही.”

मी अजून टाकलेला नाही. पण बघितलाय, पुष्कळदा. गाडी मागे येताना आईचा आवाज येतच नाही. येतो तो माझाच, खणखणीत, स्पर्धेत येतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर पुढच्या सीटवर बाबा बसलेले, पट्टा लावून, मांडीवर डबा.

“तू मागे,” आई म्हणाली.

मागून स्क्रीन अर्धवटच दिसते. पिवळा दिवा अजून तसाच होता, तिने हिल असिस्ट परत चालू केलेलंच नव्हतं. रॅम्पखाली गाडी थांबली. मी तोंड उघडलं, आणि आईने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. तिने हॅन्डब्रेक ओढला, पहिला टाकला आणि इंजिनचा आवाज भरायची वाट बघत राहिली.