साखळी घासत गेली त्या सकाळी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एका पिकअप गाडीच्या मागच्या सीटवर, गुडघ्यांवर उलटे बसला आहात. नाक मागच्या काचेला टेकलंय. काचेपलीकडे गाडीचा हौदा, त्यामागे जोडलेला ट्रेलर, आणि ट्रेलरवर दोरांनी आवळून बांधलेल्या मधमाश्यांच्या पेट्या. नुकतं उजाडलंय. रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेइतकं वाळलेलं गवत. गाडी वळण घेते, मागचा रस्ता क्षणभर उघडा दिसतो, आणि तिथे, तुम्ही आत्ताच जिथून आलात त्या गवतात, एक नारिंगी जीभ वर येते, खाली बसते आणि पुन्हा वर येते.

काय कराल? ओरडाल?

मुंगीला ओरडता आलं नाही. तिचं खरं नाव वेगळं होतं. पण जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथे ही घुसते, म्हणून घरात सगळे तिला मुंगीच म्हणत. तिने नुसता बाबांचा खांदा धरला आणि गदागदा हलवला. बाबा म्हणाले, अगं, गाडी चालवतोय मी. मग त्यांनी आरशात पाहिलं, आणि त्यांचा पाय ब्रेकवर गेला.

आता ही आग आली कुठून, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मुंगीची आई मधमाश्या पाळायची. फुलोऱ्याच्या दिवसांत बागवाले तिच्या पेट्या मागत, आणि त्या पोचवायचं काम बाबांचं. पण त्यांची पिकअप मागून भलतीच उंच. ट्रेलर जोडला की त्याचं तोंड आभाळाकडे आणि ढुंगण रस्त्याकडे. सगळं वजन मागे जायचं, ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावीकडे-उजवीकडे झुलायचा, पेट्यांतली पोळी एकमेकांवर आपटायची आणि बागेत पोचेपर्यंत माश्या पिसाळलेल्या असायच्या. मागच्या खेपेला आईच्या एका डोळ्याची नुसती फट उरली होती. तेव्हाच तिने सांगून टाकलं, एक तर गाडी खाली आणा, नाही तर पेट्या मी डोक्यावरून नेते.

म्हणून बाबांनी आणि गल्लीतल्या वेल्डरकाकांनी मिळून गाडी खाली बसवली. गाडीच्या मागच्या चाकांना जोडणारा जो जाड दांडा असतो, त्याला अ‍ॅक्सल म्हणतात. त्यांच्या गाडीत स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर होते. काकांनी ते सोडवून अ‍ॅक्सलच्या खाली बांधले. झालं, गाडीचा मागचा भाग वीतभराहून जरा कमी, पण चांगला खाली आला. मुंगी शाळेतून आली तेव्हा तिला वाटलं, गाडीचं कंबरडं मोडलं. काका म्हणाले, मोडलं नाही मॅडम, बसायला शिकली ती. मग बाबांनी ट्रेलर जोडला, आईने पेटीवर पाण्याची वाटी ठेवली, आणि पाणी कुठल्याच काठाकडे कललं नाही. सगळ्यांनी ब्रेक तपासले, दिव्यांचा झोत तपासला, खड्ड्यात चाक हौद्याला घासतं का तेही पाहिलं.

साखळी मात्र कोणी पाहिली नाही.

ट्रेलर समजा गाडीपासून सुटलाच, तर तो भरकटू नये म्हणून ही साखळी असते. एक टोक ट्रेलरला पक्कं, दुसरं गाडीच्या हुकात. फार ताणली तर वळताना तुटेल, फार सैल सोडली तर लोंबेल. म्हणून आईने फार पूर्वी नेमक्या जागी एक कडी लाल रंगवली होती. लाल कडी हुकात, हा घरचा नियम. त्यात कोणी डोकं चालवायचं नाही. आणि हे काम मुंगीचं. त्या पहाटेही ती खाली घुसली, चाचपून लाल कडी शोधली, हुकात अडकवली आणि आईला म्हणाली, झालं. पण उंच गाडीसाठी रंगवलेली ती कडी. गाडी खाली आली आणि साखळीचा झोळ तिच्याबरोबर खाली आला, थेट रस्त्यावर. लोखंड डांबरावर घासत राहिलं आणि ठिणग्या उडत राहिल्या. हौद्याच्या आड असल्यामुळे गाडीतून त्या कोणालाच दिसल्या नाहीत.

बाबांनी गाडी थांबवली. माश्यांना पाजायला नेलेला पाण्याचा पिंप ट्रेलरवर होता. आईने पेट्यांवरची गोणपाटं ओढली, पिंपात बुडवली, आणि तिघंही गवतावर तुटून पडले. मुंगीला पुढे कधी नीट आठवलं नाही, कोणी काय केलं ते. एवढंच आठवायचं, की धूर लागताच मागच्या पेट्यांचा गुणगुणाट एकदम चढला होता.

आग विझली. आई रस्त्यातच मटकन बसली. बाबा साखळीपाशी गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मुंगीने त्यांच्या काखेखालून डोकं घातलं. सर्वांत खालची कडी नव्या सुईसारखी चकाकत होती, आणि एका बाजूने झिजून निम्मी झाली होती.

"बाबा," ती म्हणाली, "एवढी कडी एका वळणात झिजते का?"

बाबांनी वळून मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"म्हणजे ही घरापासून घासतेय."

आई उठून उभी राहिली. घरी आजोबा एकटे होते. त्यांना ऐकू कमी येई, आणि पहाटे ते अंगणातल्या खुर्चीत पुन्हा डुलकी काढत. फाटकाबाहेर गवत, गवताला लागून पेंढ्याची रास, राशीला लागून उरलेल्या पेट्या. आईने फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला.

ट्रेलर तिथेच सोडवला. आई पेट्यांपाशी राहिली. मुंगी ओली गोणपाटं मांडीवर घेऊन बाबांशेजारी बसली, खिडकीतून डोकं बाहेर काढून. कालव्याच्या पुलाजवळ गवताचा एक पुंजका धुमसत होता, तो विझवला. पुढे एक काळा डाग दिसला, खडीपाशी पोचून आपोआप विझलेला. मुंगी मनातल्या मनात म्हणत होती, मीच लावली, मीच लावली.

फाटकाशी आजोबा उभे होते. हातात रिकामी बादली, एक चप्पल वितळून तळव्याला चिकटलेली. फाटकापासून पेंढ्याच्या राशीपर्यंत गवत काळं झालं होतं. राशीला मात्र धग लागली नव्हती. मध्ये जेमतेम एक पाऊल टाकता येईल एवढीच न जळलेली जागा होती.

"कुठल्या गाढवाने काडी टाकली?" आजोबांनी विचारलं.

"मी," मुंगी म्हणाली. मोठ्याने म्हणाली, त्यांना ऐकू जावं म्हणून.

बाबांनी तिला बाजूला घेतलं आणि आजोबांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "गाडीची उंची मी बदलली, अण्णा. साखळी पुन्हा मापायची होती, ती मी. पोरीने नियम पाळला."

आजोबांनी पाय झटकून चप्पल सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना. "मग नियमालाच चपलेने हाणा," ते म्हणाले, "ही तर माझ्या पायातून निघतच नाही." कोणाला हसू आलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही. बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय पाण्यात सोडला, आणि वेल्डरकाकांना त्यांच्याजवळ थांबायला बोलावलं. येताना काकांनी एक नवी साखळी आणली होती, ती त्यांनी बाबांच्या हातात दिली.

ट्रेलरपाशी परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. बाबांनी गाडी मागे घेऊन ट्रेलर जोडला, नव्या साखळीचं एक टोक त्याला पक्कं केलं आणि दुसरं टोक मुंगीपुढे धरलं. मुंगीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नको," ती म्हणाली. "तुम्ही लावा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईच्या कपाळावर काजळी होती. ती म्हणाली, "लाव तूच. कुठली कडी ते मात्र मला विचारू नकोस. मलाही माहीत नाही."

साखळी नवी होती, तिच्यावर कुठलीच खूण नव्हती. मग मुंगीने ती घेतली, खाली घुसली, एक कडी हुकात घातली, काढली, दुसरी घातली. बाहेर आली, आईचा हात धरून रस्त्याच्या कडेला लांब गेली, आणि चांगल्या कपड्यांनिशी डांबरावर पालथी पडली. गाल रस्त्याला टेकवला, एक डोळा मिटला, आणि साखळीखालून पलीकडचा उजेड दिसतोय याची खात्री करून म्हणाली, "आता सावकाश वळण घ्या, बाबा. मी बघतेय."