उपाशीपोटी आणि दोन तासांनी

शर्मिष्ठा कर्णिक यांना एकसष्टाव्या वर्षी डायबेटिस निघाला. रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांनी घरातली साखर, गूळ, मध आणि रव्याचे सहा लाडू असं सगळं पिशवीत भरलं आणि खालच्या मजल्यावरच्या सुलक्षणाताईंच्या दारात नेऊन ठेवलं. मग वर येऊन त्यांनी अर्धा तास रडून घेतलं. रडण्यासाठीही त्यांनी घड्याळ लावलं असावं, कारण बाई तशाच होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केलेली. त्यांनी नुसतं ‘बोला’ म्हटलं तरी पलीकडचा माणूस सावरून बसायचा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी गार्गी लग्न होऊन बोरिवलीला होती आणि मुलुंड पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावर बाईंचं एकटीचं राज्य होतं.

तीन महिने त्यांनी अगदी तुरुंगातल्यासारखं खाल्लं. भात बंद, बटाटा बंद, हसणं जवळजवळ बंद. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त देऊन त्या डॉक्टर रुचिरा यांच्या दवाखान्याखालच्या लॅबमध्ये बाकावर बसल्या. आता नाश्ता करायचा आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं.

बाईंनी पिशवीतून डायबेटिसवाल्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या बिस्किटांचा पुडा काढला आणि मोसंबीच्या रसाची बाटली. रस घरी काढलेला, साखरेचा कण न घातलेला. त्याच वेळी शेजारच्या गृहस्थांनी तीन कप्प्यांचा डबा उघडला आणि लॅबभर ओल्या खोबऱ्याचा वास सुटला.

“तुमचीही शुगरच ना?” बाईंनी न राहवून विचारलं.

“अकरा वर्षं,” गृहस्थ अभिमानाने म्हणाले, जणू नोकरीच सांगत होते. “गुणाजी परब. विक्रोळी, कन्नमवार नगर.”

“आणि आंबोळी खाताय?”

“एक. एकच खातो. पण काळ्या वाटाण्याची उसळ ही एवढी, आणि उकडलेली दोन अंडी. आधी उसळ, मग अंडी, मग आंबोळी. तुम्ही काय खाताय?”

बाईंनी पुडा पुढे केला. गुणाजींनी तो चष्मा वर करून वाचला, मग बाटलीकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “बाई, ह्यो मैदा. आणि ह्या चार मोसंब्यांची साखर. चोथा राहिला घरी, साखर आली इकडे.”

“ताजा रस आहे!”

“साखर पण ताजी असणार.”

अशा माणसाशी बोलायचंच नाही असं बाईंनी ठरवलं आणि पुढचे पावणेदोन तास त्या त्याच्याशी बोलत राहिल्या. गुणाजी कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. बायको रुक्मिणी सात वर्षांपूर्वी गेली. मुलगा सुशांत कुवेतला. स्वयंपाक स्वतः करतात. नाश्ता झाल्यावर ते उठले. “रोज करतो तेच आजही करायचं, नायतर तपासणीला काय अर्थ? मी रोज खाऊन झालं की वीस मिनिटं चालतो. येता?” बाई गेल्या नाहीत. दारातून त्यांना रस्त्यावर येरझाऱ्या घालताना मात्र बघत बसल्या.

परतल्यावर गुणाजींनी खिशातून छोटं मशीन काढलं, बोटाच्या कडेला टोचलं आणि आकडा दाखवला. एकशे अडतीस. बाईंनी लगेच हात पुढे केला. “माझंही बघा.” त्यांनी नवीन सुई लावून बघितलं. दोनशे एकतीस.

“हे मशीन बिघडलंय,” बाई म्हणाल्या.

दुपारी लॅबचा रिपोर्ट आला. दोनशे अडतीस. बाईंनी ती बिस्किटं कचऱ्यात टाकली आणि गुणाजी परबांना फोन लावला. नंबर त्यांनी रिपोर्टचं कारण सांगून घेतला होता.

त्या दिवसापासून कर्णिकबाईंच्या आयुष्याला जी गती आली ती पाहून गार्गीला काळजी वाटायला लागली. बाईंनी मशीन आणलं आणि वही केली. मंगळवारी पोहे, नुसते. बुधवारी तितकेच पोहे, पण मटार, शेंगदाणे आणि वाटीभर दही घालून. गुरुवारी तेच, आणि वर वीस मिनिटं चालणं. तिन्ही दिवशी दोन तासांनी बोटाला टोचायचं आणि विक्रोळीला फोन.

“एकशे शहाण्णव!”

“आणि दह्याबरोबर?”

“एकशे एकोणसाठ! आणि आज चालले, तर एकशे एकतीस! गुणाजी, एकशे एकतीस! पोहे खाऊन!”

त्या इतक्या जोरात ओरडायच्या की सुलक्षणाताईंना वाटलं, बाई विसरायला लागल्यात आणि डॉक्टरांनी पुन्हा पाढे पाठ करायला सांगितलेत. त्यांनी जिन्यात काळजीने चौकशी केली. बाई आणि गुणाजी त्यावर दोन दिवस हसत होते.

तीन महिने ज्या बाईंना भात म्हणजे विष वाटलं होतं, त्यांना आता कळलं की वाटीभर भात चालतो, फक्त आधी भाजी आणि डाळ पोटात हवी. आंब्याच्या दोन फोडी चालतात, पण जेवणावर नाहीत, चार वाजता मूठभर दाण्यांबरोबर. आपल्या रक्तात काय चाललंय ते आपल्याला कळू शकतं, ह्या एका गोष्टीने त्यांना इतकं हलकं वाटलं की एका सकाळी आरशासमोर त्या चक्क शीळ घालत होत्या. पुढच्या तपासणीत साखरेची तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात, ती नऊ पूर्णांक एकवरून सात पूर्णांक दोनवर आली. डॉक्टर रुचिरांनी टेबलावर हात आपटून “झकास!” म्हटलं.

आता त्या दोघांचं मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी देशमुख उद्यानात भेटणं सुरू झालं होतं. गुणाजी विक्रोळीहून बसने येत. इस्त्रीचा शर्ट, खिशात मशीन आणि ग्लुकोजच्या पुड्या. बाई घरून निघण्याआधी तीन साड्या बदलत आणि चौथी म्हणून पहिलीच नेसत.

एका मंगळवारी अंगारकी संकष्टी होती. बाईंनी सवयीने सकाळची डायबेटिसची गोळी घेतली, आणि उपास म्हणून दिवसभर बिनसाखरेचा चहा आणि चार दाणे यावर राहिल्या. साडेपाचला बागेत दोन फेऱ्या झाल्या. गुणाजी आपल्या गावच्या खाडीतल्या खेकड्यांबद्दल काहीतरी सांगत होते आणि अचानक बाईंच्या छातीत धडधडायला लागलं. तळहात ओले झाले. गुडघे लोण्याचे झाले. गुणाजींचा चेहरा त्यांना एकाएकी फार सुंदर दिसायला लागला, किंचित दोन-दोन दिसायला लागला, आणि त्यांना हसू फुटलं. खेकड्यांमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या थांबेचनात.

“गुणाजी,” त्या बाकाला धरून म्हणाल्या, “मला धडधडतंय. तुमच्यामुळे. ह्या वयात! मला तुम्ही इतके आवडता ना, की… हे बघा, हात बघा माझे, कसे कापतायत!”

गुणाजींनी हात पाहिले, मग कपाळावरचा घाम पाहिला. गडबड झाली की ते मालवणीवर येत. “बसा हयसर. आधी बसा. खाल्ल्यात काय?”

“आज अंगारकी.”

“आणि गोळी?”

“घेतली की.”

“अरे देवा!” त्यांनी बाईंचं बोट ओढलं आणि टोचलं. छप्पन्न. पुढच्याच क्षणाला दोन पुड्या बाटलीतल्या पाण्यात पडल्या आणि बाटली बाईंच्या ओठांना लागली. “सगळा पिवा. भिया नको. मी असंय.” पंधरा मिनिटं ते घड्याळ आणि बाई असे आळीपाळीने बघत राहिले. पुन्हा टोचलं. ब्याऐंशी. मग त्यांनी बाईंना हाताला धरून जवळच्या हॉटेलात नेलं, समोर इडली-सांबार ठेवलं आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठू दिलं नाही.

बाईंना मात्र आता सगळं लख्ख आठवत होतं. आपण काय बोललो, कुठल्या आवाजात बोललो, आणि बाजूच्या बाकावर कोण बसलं होतं ते. रिक्षात बसताना त्यांनी गुणाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी गेल्यावर फोन बंद करून उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर रुचिरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “कर्णिकबाई, ही गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. साखर अशी सत्तरच्या खाली गेली की हातपाय कापतात, घाम सुटतो, धडधडतं, माणूस उगाच चिडतो नाहीतर उगाच हसतो. आणखी खाली गेली असती तर चक्कर येऊन पडला असतात. तुमची सरासरी सुधारलीये, आता गोळी अर्धी करू. आणि पुढचा उपास मला विचारून.”

“करा,” बाई म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, “डॉक्टर, साखर कमी झाल्यावर माणूस खोटं बोलतो का हो?”

“खोटं?” डॉक्टर हसल्या. “नाही बुवा. फार तर भीड सोडून बोलतो.”

बाईंनी हे वाक्य सहा दिवस घरात फिरवलं. पोळ्या लाटताना फिरवलं, झाडांना पाणी घालताना फिरवलं. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी पोटभर नाश्ता केला, अर्धी गोळी घेतली आणि दोन तासांनी विक्रोळीची रिक्षा केली.

कन्नमवार नगरच्या जिन्यात त्या पहिल्या मजल्यावर थांबल्या. छातीत धडधडत होतं. तळहात ओले झाले होते. गुडघे तर त्या मंगळवारपेक्षाही वाईट. बाईंनी तिथेच पायरीवर बसून पर्स उघडली आणि बोटाला टोचलं. वरून भाजीची पिशवी घेऊन उतरणारी एक मुलगी त्यांना वळसा घालून गेली. मशीनने पाच सेकंद घेतले.

एकशे एकवीस.

म्हणजे हे साखरेचं नव्हतं. बाई उठल्या आणि उरलेले दोन मजले जवळजवळ पळत चढल्या.

दार गुणाजींनीच उघडलं. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही, मशीन त्यांच्या नाकासमोर धरलं.

“वाचा.”

“एकशे एकवीस,” गुणाजींनी वाचलं.

“हे आत्ताचं आहे. पोटात दोन थालीपिठं आहेत. शुद्धीवर आहे मी. आता ऐका. त्या दिवशी बागेत मी जे बोलले ते सगळं तसंच्या तसं आहे. फक्त खेकड्यांवर हसायला नको होतं.”

गुणाजी दाराची चौकट धरून उभे राहिले आणि मग मटकन खुर्चीत बसले. “माका वाटला, ता साखरेचा बोलणा होता. माका वाटला, आता तुमका लाज वाटता म्हणान फोन उचलनत नाय.”

“लाज तर वाटतच होती! पण तुमचं हे काय झालंय? बोट आणा इकडे.”

दोनशे सात. बाई हादरल्या. “काय खाल्लंत?”

“काय नाय. सकाळी एक भाकरी.”

“एका भाकरीने दोनशे सात? अकरा वर्षांत कधी झालं नाही ते?”

“सात दिवस झोप नाय,” गुणाजी जमिनीकडे बघत म्हणाले. “चालूक गेलंय नाय. काळजीनपण वाढता साखर, डॉक्टरनी सांगितला नाय तुमका?”

शर्मिष्ठाबाईंच्या मनात असा काही आनंद उसळला की त्या लाजेने लाल झाल्या. कुणाची तरी साखर आपल्यामुळे सत्तरने वाढावी, ही काही खूश होण्यासारखी गोष्ट नव्हती. पण झाल्या खऱ्या. “उठा,” त्या म्हणाल्या. “चपला घाला. आधी तुम्हाला चालवते, मग काय ते बोलू.” आणि ते दोघं कन्नमवार नगरच्या रस्त्यांवरून तासभर चालले, बोलत, एकमेकांचं वाक्य तोडत, मध्येच कारण नसताना हसत. एका इस्त्रीवाल्याने “काय परबकाका, आज खुशीत?” म्हणून विचारलं तर गुणाजींनी त्याला नुसता सलाम ठोकला.

आम्ही लग्न करतोय असं बाईंनी गार्गीला फोनवर कळवलं तेव्हा ती आधी रडली आणि मग तिने विचारलं, “आई, पण त्यांना मासे करता येतात का?” तेवढ्यात बाईंनी फोन गुणाजींच्या हातात दिला. पुढच्या रविवारी गार्गी विक्रोळीला येऊन तीन बांगडे खाऊन गेली आणि जाताना हळूच म्हणाली, “मी काही बोलत नाही बाई, तू ह्यांना हातचं जाऊ देऊ नकोस.” सुशांतने कुवेतहून व्हिडिओवर पाहिलं, “आई” म्हणू की “काकू” म्हणू असं विचारलं, आणि बाईंनी त्याला “आधी जेवलास का ते सांग” असं दटावलं.

विवाह नोंदणीच्या दिवशी साक्षीला डॉक्टर रुचिराही आल्या होत्या. साहेबांनी कागद पुढे करून गंभीरपणे विचारलं, “दोघंही आपल्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत हे लग्न करत आहात ना?” गुणाजींनी शर्मिष्ठाबाईंकडे पाहिलं, बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि तिघं एकदमच हसत सुटले. गार्गीने “अहो, सॉरी हं, सॉरी” म्हणत साहेबांची समजूत घातली, पण सही करताना बाईंचा हात हसण्याने असा हलत होता की त्यांचं नाव रेषा सोडून वरच्या रकान्यात जाऊन बसलं आणि साहेबांना नवा फॉर्म आणायला उठावं लागलं.